आवडता नट चुकीच्या पक्षात गेल्यास करावयाची कामे

सगळ्यात आधी, घाबरू नका. निवडणुकीच्या दिवसांत हे कुणाच्याही घरी घडू शकतं. ज्याची मालिका चुकू नये म्हणून आठची जेवणं साडेसातला उरकली जायची, तो तुमचा लाडका नट एका सकाळी मोबाइलवर नको त्या रंगाचं उपरणं गळ्यात घालून, नको त्या नेत्याशेजारी हात जोडून उभा दिसतो. अशा वेळी ठाण्यातल्या सुजाण, सुसंस्कृत, नाट्यवेड्या चाहत्याने काय करायचं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. प्रभागाप्रभागात आरोग्य शिबिरं होतात, हळदीकुंकू होतात, वह्यावाटप होतं. चाहत्याला मात्र वाऱ्यावर सोडलेलं आहे. म्हणून हा प्रपंच.

पहिलं काम पक्ष तपासण्याचं. उपरणं आपल्या पक्षाचं निघालं तर 'याला म्हणतात पाठीला कणा असलेला कलाकार' असं लिहून मोकळं व्हायचं. समोरच्यांचं निघालं तर 'कलाकाराने कलेपुरतं राहावं'. दोन्ही वाक्यं आधीच टाइप करून ठेवा, ऐनवेळी शोधाशोध नको. पण चिकटवताना डोळ्यांत तेल घालून बघा. हल्ली एकेका पक्षाचे दोन-दोन झालेत. नावं सारखी, उपरणी सारखी, पाठीमागच्या फ्लेक्सवरचे दिवंगत नेतेही तेच, फरक काय तो चिन्हाचा. घाईघाईत आपल्याच माणसाला 'विकला गेला' म्हणून बसाल आणि मग शाखेत जाऊन खुलासा करत बसावं लागेल.

पक्ष ठरला की नटाच्या अभिनयाचं फेरमूल्यांकन हाती घ्यायचं. हे पूर्वलक्षी प्रभावाने करायचं असतं. कालपर्यंत 'काय डोळ्यांनी बोलतो हो!' असं तुम्हीच म्हणत होतात, ते ठीक. आजपासून तो पहिल्यापासूनच एकसुरी होता. गडकरी रंगायतनला त्याच्या नाटकाला तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्याचं शेजाऱ्यांनी पाहिलं असेल तर पाय आखडले होते म्हणून सांगा. त्याच्यासोबत काढलेला सेल्फी डीपीवर असेल तर तो काढायचा, पण डिलीट करायचा नाही. कारण पुढे सांगतो.

या कामात आदर्श हवा असेल तर 2021 च्या फेब्रुवारीत घडलेलं आठवा. रिहाना या परदेशी गायिकेने शेतकरी आंदोलनावर एका ओळीचं ट्विट केलं, आणि त्यापाठोपाठ सचिन तेंडुलकर, लता मंगेशकर अशी मंडळी देशाच्या एकजुटीबद्दल लिहिती झाली. तिकडे केरळातले काही चाहते सचिनवर इतके चिडले, की त्यांनी थेट टेनिसपटू मारिया शारापोवाच्या पानावर धाव घेतली. 2014 मध्ये या बाईंनी 'सचिन कोण ते मला ठाऊक नाही' असं सांगितलं होतं आणि तेव्हा आपल्या लोकांनी त्यांना यथेच्छ शिव्या दिल्या होत्या. साडेसहा वर्षांनी जाऊन त्या शिव्यांची रीतसर माफी मागण्यात आली. तुम्ही बरोबर होतात, आमचंच चुकलं. बिचारीला हे कुठलं साल चाललंय तेच कळेना. पूर्वलक्षी प्रभाव म्हणतात तो हा. सचिनची शतकं मात्र रेकॉर्डबुकात शंभरच राहिली, त्यांना कुणी हात लावला नाही, हा आपल्या संयमाचा पुरावा.

आता कुणी म्हणेल, की सचिन बोलला म्हणून ज्यांनी त्याची पाठ थोपटली, त्यातल्या कित्येकांनी वर्षभरापूर्वी दीपिका पदुकोणला 'तू नुसता अभिनय कर' असं बजावलं होतं. आणि दीपिका 2020 च्या जानेवारीत दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात मार खाल्लेल्या विद्यार्थ्यांच्या शेजारी जाऊन तोंडातून शब्दही न काढता नुसती उभी राहिली, तेव्हा ज्यांना तिच्यात धैर्य दिसलं, त्यांनाच पुढे सचिन बोलल्याचा त्रास झाला. असले हिशेब मांडणारी माणसं प्रत्येक सोसायटीत एकदोन असतात. त्यांच्याशी वाद घालू नका. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तत्त्व आपल्या आजीने कुठल्याही पक्षात न जाता सांगून ठेवलेलं आहे.

त्या जेएनयूच्या प्रकरणातून बहिष्काराचं तंत्रही शिकण्यासारखं आहे. तिच्या त्या आठवड्यातल्या चित्रपटाची तिकिटं रद्द केल्याचे फोटो धडाधड पडू लागले. जरा निरखून पाहिल्यावर कळलं, की बऱ्याच जणांनी एकच तिकीट रद्द केलंय. तेच थिएटर, त्याच खुर्च्या. म्हणजे आधी आपलं तिकीट काढा, मग रद्द करा, वर कापलेले पैसे सोसा, या भानगडीत पडायचं कारण नाही. निषेध सामुदायिक असेल तर एक तिकीट पुरतं.

मराठी नाटकाच्या बाबतीत मात्र अडचण होते. खिडकीवर काढलेलं तिकीट परत घेत नाहीत, आणि बाल्कनीचे असले तरी पैसे ते पैसेच. माझा सल्ला असा, की नाटकाला जावं. तत्त्व म्हणून पहिला अंक हसू दाबून बघावा. मध्यंतरात बटाटावडा खावा, तो कुठल्याच पक्षाचा नसतो. दुसऱ्या अंकात हसू आवरलं नाही तर लेखकासाठी हसतोय असं समजावं. लेखकाला कुणी प्रचाराला बोलावत नाही, त्यामुळे तो अजून सुरक्षित आहे.

यापुढची परीक्षा अवघड. नट प्रत्यक्ष तुमच्या प्रभागात येणार असतो.

जीप सजलेली असते, रिक्षावरचा भोंगा दुपारपासून 'आपले सर्वांचे लाडके' म्हणून कोकलत असतो. वेळ पाचची. पाचला तो येणार नाही, कारण तो घोडबंदर रोडवर अडकलेला असतो. उमेदवाराच्या वतीने या रस्त्याचा प्रत्यक्ष अनुभव घेणारा तो बहुतेक एकटाच. साडेसातला तो उतरतो, कार्यकर्ते कडं करतात, आणि तो ठाण्याबद्दल तीन गोष्टी बोलतो: मामलेदारची मिसळ, तलावपाळी आणि गडकरी रंगायतन. क्रम बदलू शकतो, चौथी गोष्ट येत नाही. मग खिशातून चिठ्ठी निघते. पालिकेच्या निवडणुकीत एका प्रभागात चार-चार उमेदवारांचं पॅनल, चौघांची नावं पाठ कोण करणार? दुसऱ्या नावाशी तो अडखळतो, तिसऱ्याला आडनावच बदलून देतो, चौथ्या ताईंना 'आणि आपल्या या भगिनी' म्हणून वाटेला लावतो. तुम्ही टाळ्या वाजवा. मला स्वतःला त्या क्षणी त्याची दया येते. मालिकेत चार पानी संवाद एका दमात म्हणणारा माणूस तो. पण तिथे निदान संवाद कुणीतरी लिहून दिलेला असतो आणि चुकला तर पुन्हा घेता येतो.

अशा वेळी गर्दीतून एखादी बाई 'आमच्या बिल्डिंगला पाणी कधी येणार?' असं विचारते. तुम्ही हे करू नका. कलावंताला टँकरबद्दल विचारणं हा कलेचा अपमान आहे. त्याने फक्त 'दादा लक्ष घालतील' म्हणावं, दादांनी मान डोलवावी आणि आपण मोबाइल उंच धरावा. हो, विरोधी पक्षाचा नट असला तरी सेल्फी घ्यायचाच. विचारधारा एकीकडे, सेल्फी एकीकडे.

मानधनाविषयी कुजबुज करू नये. आपल्या लोकांना गोपाळकाल्याला काही वाटत नाही, हे माझ्या मनात नेहमी येतं. एकच नट सकाळी टेंभी नाक्याच्या बाजूला एका दादांच्या मंचावर, दुपारी वर्तकनगरकडे दुसऱ्या भाऊंच्या मंचावर, संध्याकाळी तिसरीकडे. तिन्ही ठिकाणी 'ठाण्यासारखी हंडी कुठेच नाही' आणि तिन्ही ठिकाणी 'साहेबांमुळे हे शक्य झालं'. साहेब वेगवेगळे. सुपारी आहे, एवढं पोरंटोरंही जाणतात, आणि वर थर लागत असल्यामुळे कुणाचं खाली लक्षही नसतं. तोच नट आचारसंहिता लागल्यावर तेच वाक्य बोलला की मात्र आपल्याला त्याच्या अंतरात्म्याची काळजी लागते. 2019 च्या निवडणुकीआधी कोब्रापोस्ट या वृत्तसंकेतस्थळाने छुप्या कॅमेऱ्यांनी दाखवलं होतं, की तीसहून अधिक कलाकार पैसे घेऊन राजकीय पक्षासाठी पोस्ट टाकायला तयार होते. दोन दिवस हळहळ झाली. मग मतदान आलं आणि आपण पुन्हा पोस्टींवरून एकमेकांना ब्लॉक करू लागलो.

लोकसभा-विधानसभेला याची शिस्तशीर सोय आहे. मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस स्टार प्रचारक नेमता येतात, इतर नोंदणीकृत पक्षांना वीस. त्यांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. पण उमेदवार स्वतः त्या मंचावर जाऊन बसला, की सभेच्या खर्चातला वाटा त्याच्या मर्यादेत मोजला जातो, आणि विधानसभेला ती मर्यादा 40 लाखांची आहे. तेव्हा स्टार प्रचारकाच्या सभेत तुमचा उमेदवार कुठे दिसला नाही तर तो रुसलाय असं समजू नका. तो हिशेबनीस आहे.

काही नट कुणाच्याच जीपवर चढत नाहीत. 'मतदान अवश्य करा' एवढं लिहून शाईचं बोट दाखवतात. यांना सोडू नका. तळ्यात की मळ्यात, एकदाच सांग म्हणावं. त्याने सांगितलं, की मग वरच्या पहिल्या कामापासून सुरुवात करता येते.

आता एक नाजूक विषय: या सगळ्याने मतं फिरतात का? अमेरिकेत दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजायचा प्रयत्न केला होता. टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीचं मासिक कुठल्या भागात किती खपतं ते पाहून, तिच्या पाठिंब्यामुळे ओबामांना 2008 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत सुमारे दहा लाख मतं जास्त मिळाली असावीत, असा अंदाज त्यांनी काढला. 2024 मध्ये टेलर स्विफ्टने मांजर कडेवर घेऊन कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला, तर चोवीस तासांत चार लाखांवर लोक तिच्या दुव्यावरून मतदार नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर गेले. हॅरिस पडल्या ते पडल्याच, पण लोक निदान नोंदणीपर्यंत गेले. आपल्याकडे एखाद्या नटीची पोस्ट वाचून कुणी उठून मतदार नोंदणीचा नमुना 6 भरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आपण कमेंट भरतो.

रजनीकांतचं बघा. 1996 साली जयललिता परत आल्या तर तमिळनाडूला देवही वाचवू शकणार नाही, असं तो म्हणाला आणि त्या पडल्या. 2004 मध्ये त्याने पीएमके या तिथल्याच एका पक्षाविरुद्ध चाहत्यांना कामाला लावलं, तर त्या पक्षाने लढवलेल्या सगळ्या जागा जिंकल्या. नट तोच, चाहते तेच, आवाजही तोच. आणि आपल्या शेजारी, वर्सोव्यात, 2024 च्या विधानसभेला 'बिग बॉस'वाला नट एजाज खान उभा होता. इन्स्टाग्रामवर छप्पन्न लाख अनुयायी, मतपेटीत 155 मतं. नोटालाही त्याहून कितीतरी जास्त मिळाली. उरलेले छप्पन्न लाख त्या दिवशी कुठे होते, हे विचारू नये. ते त्याला फॉलो करत होते.

उलट उदाहरणही आहे. 2004 मध्ये उत्तर मुंबईत काँग्रेसच्या गोविंदाने भाजपच्या राम नाईकांना हरवलं. नाईक पाच वेळचे खासदार, लोकलच्या प्रवाशांसाठी आयुष्यभर झगडलेले. गोविंदा एकदाच खासदार झाला, राजकारणातून बाहेर पडला आणि 2024 च्या मार्चमध्ये आपल्या ठाण्याच्या शिंदेसाहेबांच्या शिवसेनेतून राजकारणात परत आला. डीपीवरून काढलेला सेल्फी डिलीट करू नका म्हणालो, तो यासाठी. ऊर्मिला मातोंडकर 2019 च्या मार्चमध्ये काँग्रेसमध्ये, सप्टेंबरात बाहेर, 2020 च्या डिसेंबरात शिवसेनेत. तिच्या निष्ठावंत चाहत्याला दोन वर्षांच्या आत तीनदा तिचा अभिनय नव्याने आवडावा किंवा नावडावा लागला असणार. नटमंडळी नेत्यांकडून एवढं तरी शिकतातच. तेव्हा जो आज 'विकला गेला' आहे, तो पुढच्या निवडणुकीत आपल्याच मंचावर 'घरवापसी' करू शकतो. त्या रात्री जुन्या कमेंटी शोधून पुसायला वेळ लागतो. म्हणून शिव्या शक्यतो दुसऱ्याच्या पोस्टखाली आणि नाव न घेता द्याव्यात.

शेवटचं, घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी. त्यांना हे काही समजावायला जाऊ नका. तुम्ही आईला सांगाल, की मालिकेतला तो पोरगा त्या पक्षाचा प्रचार करतोय, हे किती वाईट. आई भाजी निवडता निवडता म्हणेल, 'कोण, तो बायकोला छळणारा? त्याचं ऐकून मी मत देऊ?' आणि खरंच देणार नाही. वर बाजूच्या वहिनींनाही देऊ देणार नाही.