निर्दोष सुटले, मग स्फोट कोणी केले?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत स्फोट झाले आणि कामावरून घरी निघालेली १८० हून अधिक माणसे मारली गेली. २०१५ साली विशेष मोक्का (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक जण २०२१ मध्येच कैदेत असताना वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास मनाई केली, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही.

तेव्हापासून ‘मग स्फोट कोणी केले?’ हा प्रश्न सुटलेल्यांवर रोखून विचारला जातो. हा प्रश्न तपास करणाऱ्यांना विचारायला हवा, असे माझे ठाम मत आहे. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे उच्च न्यायालयाने ग्राह्य धरले, निरनिराळ्या आरोपींच्या जबाबांत तोच मजकूर उतरलेला आढळला, ओळख परेड घेणाऱ्याला तो अधिकारच उरला नव्हता आणि बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा मानण्याची मुभा मोक्का देतो, आणि एकदा ती मुभा मिळाली की घटनास्थळावरचा पुरावा चिकाटीने गोळा करण्याची निकड कमी होते.

२००६ मध्येच ८ सप्टेंबरला मालेगावात, शब-ए-बारातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान होते आणि पकडलेले नऊ जणही मुसलमानच. पुढे तपास एनआयएकडे, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेकडे, गेल्यावर तो वेगळ्याच दिशेला वळला, आणि २०१६ मध्ये त्या नऊ जणांना न्यायालयाने आरोपमुक्त केले. त्यांतल्या एकाचे त्याआधीच निधन झाले होते.

देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असला की सुक्याबरोबर ओलेही जळते, असे सांगणारे अनेकजण भेटतात. मला हे म्हणणे अमान्य आहे, कारण ओले जळत असताना सुके कुठे गेले याचा शोधच थांबतो. संशयित सापडला म्हणून फाइल बंद होते, मृतांच्या नातेवाइकांना १९ वर्षांनी रिकाम्या हाताने परत यावे लागते, आणि मधल्या काळात एका अख्ख्या वस्तीवर अतिरेक्यांची वस्ती असा शिक्का बसतो. आडनाव ऐकून घर भाड्याने नाकारणाऱ्यांना आणखी काय हवे असते?

सव्वीस अकराचा खटला याहून वेगळा चालला. कसाबला फाशी झाली ती सीसीटीव्ही चित्रण, छायाचित्रे आणि प्रत्यक्षदर्शींच्या साक्षींच्या बळावर. त्याच खटल्यातल्या दोन भारतीय मुसलमान आरोपींना त्याच न्यायालयाने सोडले. मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या रक्ताने भिजलेल्या पँटच्या खिशात सापडला असे सांगितलेल्या नकाशावर रक्ताचा डाग कसा नाही, हा प्रश्न न्यायालयाने मोकळेपणाने विचारला. हा निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी नऊ मृत अतिरेक्यांना आपल्या कब्रस्तानात जागा नाकारली होती, हेही इथे नोंदवायला हवे.

खबर लोकांकडून येते, आणि ती येण्यासाठी चौकीत जाणाऱ्याला आपणच आत अडकणार नाही याची खात्री लागते. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्यांच्या माध्यमातून पोलीस आणि रहिवासी यांना नियमित एकत्र बसवले, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. दहशतवादविरोधी कामाचे बजेट ठरवताना अशा प्रयोगांसाठी तरतूद असायला हवी.

यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते आणि आरोप नुसते सकृद्दर्शनी खरे वाटले तरी जामीन नाकारला जातो. इतके अधिकार सरकारच्या हाती असतील, तर चुकीच्या खटल्याची भरपाईही कायद्याने बंधनकारक हवी. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात नेमकी हीच शिफारस केली होती. २०२३ मध्ये फौजदारी प्रक्रियेचा कायदाच नव्याने लिहिला गेला, पण त्यात ही तरतूद घातली गेली नाही. येत्या अधिवेशनात आपापल्या खासदाराला याविषयी लेखी विचारा. मी माझ्या खासदारांना पत्र पाठवले आहे.