प्रत्येक इलेक्ट्रिक सायकल लायसन्सशिवाय चालवता येते असं नाही

‘बॅटरीवर चालणाऱ्या कुठल्याही सायकलीला किंवा स्कूटरला लायसन्स, नंबर प्लेट, विमा काहीच लागत नाही, सरकारने सगळं माफ केलं आहे,’ असा मजकूर फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा महागात पडू शकतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे सूट आहे ती मोजक्या वाहनांना. मोटारची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी हवी. पॅडल मारून चालणारी सायकल असेल, तर वेग ताशी २५ किलोमीटरला पोचताच किंवा पाय थांबताच मोटारची मदत बंद व्हायला हवी. शिवाय त्या मॉडेलची पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या अधिकृत संस्थेकडून तपासणी झालेली हवी. दुकानदाराचा तोंडी शब्द पुरत नाही. प्रमाणपत्र मागून बघाच.

‘सगळं माफ’ हा समज बहुधा ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेवरून पसरला असावा. तिच्यात बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणीचं शुल्क माफ झालं, नोंदणी नाही. म्हणूनच नोंदणीकृत इलेक्ट्रिक स्कूटरला हिरवी पाटी असते.

सर्वात काळजी वाटते ती वेगमर्यादा काढून देणाऱ्यांची. मर्यादा काढली की ती सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते. मग लायसन्स, नोंदणी, हेल्मेट, थर्ड पार्टी विमा सगळं लागतं. विमा नसताना कुणाला धडक बसली, तर भरपाई चालवणाऱ्याच्या आणि मालकाच्या खिशातून जाते. कॉलेजच्या मुलांना अशी सायकल घेऊन देणाऱ्या आईबाबांनी हे आधी तपासावं.