बेनेट बहिणींच्या माथी मारलेला शाप

जुन्या हॉलिवूडच्या चाहत्यांमध्ये बेनेट बहिणींविषयीचा एक मजकूर वारंवार फिरत असतो. नावे आणि छायाचित्रे बदलतात, पण आशय ठरलेला असतो. कॉन्स्टन्स, बार्बरा आणि जोन या तीन रूपवान बहिणींनी मिळून बारा लग्ने केली, बापाचा बेबंदपणा त्यांच्या रक्तातच होता, कॉन्स्टन्सला गर्वाने संपवले, बार्बराला बहिणींच्या यशाच्या मत्सराने, आणि जोनने नवऱ्याशी प्रतारणा केल्यामुळे गोळीबार होऊन तिची कारकीर्द तिच्याच हातांनी धुळीला मिळाली, असे त्यात सांगितलेले असते. शेवटी ‘शापित घराणे’ हा शिक्का मारला जातो. मी या तिघींचे चित्रपट अनेक वर्षे पाहत आलो आहे आणि त्यांच्या आयुष्याविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. त्यामुळे हा मजकूर समोर आला की गप्प बसवत नाही. त्यातील काही तपशील खरे आहेत, आणि म्हणूनच त्यांतून काढलेले निष्कर्ष लोकांना सहज पटतात.

बारा हा आकडा बरोबर आहे. कॉन्स्टन्सची पाच, बार्बराची तीन आणि जोनची चार लग्ने झाली. मात्र बेरीज बरोबर असली तरी ती ज्यासाठी पुरावा म्हणून मांडली जाते ते तिच्यातून सिद्ध होत नाही, कारण या बारांमध्ये अगदी वेगवेगळ्या गोष्टी एकाच रांगेत उभ्या केलेल्या आहेत. कॉन्स्टन्सचे पहिले लग्न १९२१ साली झाले तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि ते लग्न दोन वर्षांनी रद्दबातल ठरवण्यात आले. जोननेही सोळाव्या वर्षीच, १९२६ मध्ये, लंडनला लग्न केले आणि अठराव्या वर्षी ती घटस्फोटित झाली. सोळा वर्षांच्या दोन मुलींनी घाईने घेतलेले हे निर्णय होते, त्यांना चंचल बायकांचे चाळे म्हणणे अन्यायाचे आहे. बार्बराचा दुसरा नवरा अ‍ॅडिसन रँडल हा जॅक रँडल या नावाने काउबॉयपटांत काम करणारा नट होता, आणि १९४५ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी घोड्यावरून पडून तो मरण पावला. ज्या यादीत वैधव्यसुद्धा मोडलेल्या लग्नांमध्ये मोजले जाते, ती यादी करणाऱ्याने तपशील वाचलेलाच नाही, असे म्हणावे लागते. उलट बाजूही पाहावी. जोन आणि निर्माता वॉल्टर वँगर यांचा विवाह १९४० पासून १९६५ पर्यंत म्हणजे पंचवीस वर्षे टिकला, आणि कॉन्स्टन्सचे हवाईदलातील अधिकारी जॉन थेरॉन कूल्टर यांच्याशी १९४६ मध्ये झालेले लग्न तिच्या मृत्यूपर्यंत, एकोणीस वर्षे टिकले. या दोन संसारांचा उल्लेख त्या मजकुरात कधीच नसतो.

रक्ताचा मुद्दा त्याहून गंभीर आहे, कारण त्याला आनुवंशिकतेचा शास्त्रीय मुलामा दिला जातो. या मुलींचा बाप रिचर्ड बेनेट हा त्या काळातील रंगभूमीवरचा मोठा नट होता. तो संतापी होता, दारू पीत असे, आणि मनासारखा प्रतिसाद मिळाला नाही तर रंगमंचावरून प्रेक्षकांनाच सुनावायला कमी करत नसे. हे सगळे खरेच आहे. परंतु ज्या आजाराचे नाव चारचौघांत उच्चारणेही असभ्य मानले जाई, त्या उपदंशावरचे नाटक १९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हट्टाने उभे करणाराही हाच रिचर्ड बेनेट होता, आणि उतारवयात, १९४२ साली, ‘द मॅग्निफिसंट अँबर्सन्स’मधील थकलेल्या मेजरची भूमिका त्याने केली, ती पाहताना आजही अंगावर काटा येतो. आई एड्रिएन मॉरिसन ही अभिनेत्री होती. तिचे वडील लुईस मॉरिसन हे जमैकात जन्मलेले नट, आणि ‘फाउस्ट’मधील सैतानाच्या भूमिकेसाठी ते अमेरिकाभर ओळखले जात. नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव फिरणाऱ्या माणसांच्या पिढ्यांमधून या मुली आल्या होत्या, आणि वारशाचीच भाषा बोलायची असेल तर हा वारसाही मोजायला हवा. त्यांचे घर स्थिर नव्हते हे मान्य आहे. आईवडिलांचा घटस्फोट १९२५ मध्ये झाला तेव्हा जोन अवघी पंधरा वर्षांची होती, आणि पुढच्याच वर्षी तिने लग्न केले, यातील संबंध समजायला शापाची कल्पना लागत नाही. दारूचे व्यसन काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या दिसते, एवढे मी नाकारणार नाही. पण तिघींपैकी ते एकीच्याच वाट्याला आले, आणि तिच्याबद्दल पुढे लिहायचेच आहे.

कॉन्स्टन्सविषयीचा दावा लवकर निकालात निघतो. १९३१ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने एका चित्रपटासाठी तिला आठवड्याला ३०,००० डॉलर दिले. मंदीच्या ऐन काळात एवढे मानधन मागणारी आणि मिळवणारी बाई गर्विष्ठ ठरवली गेली नसती तरच नवल. पुरुष नटाने हेच केले असते तर त्याला व्यवहारचतुर म्हटले गेले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तिचे नाव उतरणीला लागले ते चाळिशी जवळ आल्यावर, म्हणजे त्या काळातील बहुतेक नायिकांचे लागले तसेच. त्यानंतर ती घरी बसली नाही. सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय तिने स्वतःच्या नावाने चालवला, १९४५ मध्ये ‘पॅरिस अंडरग्राउंड’ या चित्रपटाची ती स्वतः निर्माती झाली, आणि युद्धानंतर युरोपातील अमेरिकी सैनिकांसाठी मनोरंजनाचे कार्यक्रम उभे करण्याचे काम तिने केले. जुलै १९६५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने ती गेली तेव्हा साठ वर्षांची होती आणि तिने काम केलेला शेवटचा चित्रपट अजून प्रदर्शित व्हायचा होता. नवऱ्याच्या लष्करी सेवेमुळे तिला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली. हे ‘संपणे’ कसे, ते मला समजलेले नाही.

बार्बराविषयी लिहिताना हात जड होतो. तिचे आयुष्य खरोखरच दुःखाचे होते, आणि तिघींपैकी तिच्यावरच सर्वांत कमी लिहिले जाते, जे लिहिले जाते तेही बहिणींची सावली म्हणून. ती मुळात नर्तिका होती. मॉरिस मूव्हे या त्या काळातील नावाजलेल्या नर्तकाची जोडीदार म्हणून तिने नाव मिळवले होते, आणि बोलपट सुरू होताच तिला चित्रपटही मिळाले. त्यांपैकी १९२९ च्या ‘सिंकोपेशन’मध्ये तिच्याबरोबर काम करणारा गायक मॉर्टन डाउनी याच्याशी तिने त्याच वर्षी लग्न केले, आणि पुढच्या वर्षीच्या एका चित्रपटानंतर तिची चित्रपट कारकीर्द जवळपास थांबली. त्या घरात पाच मुले वाढत होती. १९४१ मध्ये घटस्फोट झाला आणि मुलांचा ताबा बापाकडे गेला.

मत्सराच्या दाव्याला आधार कोणता, याचा मी शोध घेतला. आधार एवढाच सापडतो की बहिणी प्रसिद्ध होत्या आणि ती नव्हती. जिने कामाकडे पाठ फिरवली ती कामातल्या यशासाठी जळत होती असे म्हणायचे असेल, तर तिचे एखादे पत्र, एखादे बोलणे, जवळच्या कुणाची साक्ष असे काहीतरी दाखवावे लागेल, आणि तसे काहीच दाखवले जात नाही. तिच्या आयुष्यात दिसते ते वेगळेच. मुले हातची गेली, चार वर्षांनी दुसरा नवरा अपघातात गेला, दारू वाढत गेली आणि जीव देण्याचे प्रयत्न झाले. त्या काळी दारूच्या व्यसनाकडे स्वभावदोष म्हणून पाहिले जाई. हा आजार आहे असे अमेरिकेतील डॉक्टरांच्या मुख्य संघटनेने १९५६ साली जाहीर केले, आणि बार्बरा १९५८ च्या ऑगस्टमध्ये, कॅनडातील माँट्रियल येथे, वयाच्या ५१ व्या वर्षी मरण पावली. तिच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत तिला उपचारांपेक्षा दूषणेच अधिक मिळाली असणार. त्यावर आज आपण मत्सराचा आरोप चढवावा, हे मला फार निर्दय वाटते.

आता गोळीबाराकडे येतो, कारण सगळ्या मजकुराचा भार त्यावरच आहे आणि सर्वांत मोठा विपर्यासही तिथेच होतो.

१३ डिसेंबर १९५१ रोजी दुपारी वॉल्टर वँगरला बेव्हर्ली हिल्समध्ये एमसीए या कलाकार-संस्थेच्या कचेरीजवळच्या वाहनतळावर बायकोची मोटार उभी दिसली. जोनचे काम पाहणारा जेनिंग्ज लँग त्याच संस्थेत होता. वँगर वाट पाहत राहिला. संध्याकाळी लँगच्या गाडीतून दोघे परत आली, जोन आपल्या मोटारीत बसली, आणि लँग बाहेर उभा राहून तिच्याशी बोलत असताना वँगरने पुढे येऊन दोन गोळ्या झाडल्या. लँग कमरेखाली जखमी झाला. पोलीस ठाणे रस्त्यापलीकडेच होते. जोन आणि वाहनतळावरचा व्यवस्थापक यांनी जखमी लँगला डॉक्टरकडे पोचवले आणि वँगरला जागीच अटक झाली. आपले घर हा माणूस फोडतो आहे अशी समजूत झाल्याने आपण गोळी झाडली, असे त्याने सांगितले. जोनने लँगशी असलेले संबंध केवळ कामाचे असल्याचे म्हटले, नवऱ्याच्या आर्थिक काळज्यांकडे बोट दाखवले आणि त्याला फार दोष देऊ नये, अशी विनंतीही केली.

त्या आर्थिक काळज्या खऱ्या होत्या. वँगरने १९४८ मध्ये इंग्रिड बर्गमनला घेऊन ‘जोन ऑफ आर्क’ हा अतिशय खर्चिक चित्रपट काढला होता, आणि तो मोठ्या तोट्यात गेला. त्यात भर म्हणून बर्गमन आणि इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी यांच्या संबंधांवरून अमेरिकेत एवढे काहूर माजले की मार्च १९५० मध्ये थेट सिनेटमध्ये तिचा धिक्कार झाला. एका नटीच्या खाजगी आयुष्यावर संसदेत भाषण होण्याचा तो काळ होता, हे ध्यानात ठेवले तर जोनचे पुढे काय झाले ते नीट कळते. जोन आणि लँग यांचे नाते नेमके कसे होते, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते कसेही असले तरी माझ्या मुद्द्यात फरक पडत नाही. पिस्तूल वँगरच्या हातात होते आणि चाप त्याने ओढला.

परिणाम कुणी भोगले ते आता पाहू. वँगरला चार महिन्यांची शिक्षा झाली. ती त्याने लॉस एंजेलिसच्या उत्तरेला कॅस्टेक येथील कैद्यांच्या शेतावर भोगली, आणि तीही पूर्ण भोगावी लागली नाही. बाहेर आल्यावर १९५४ मध्ये त्याने तुरुंगातील दंगलीवर चित्रपट काढला, त्याच्या १९५८ च्या ‘आय वाँट टू लिव्ह!’ने सुझन हेवर्डला ऑस्कर मिळवून दिले, आणि पुढे तो ‘क्लिओपात्रा’चा निर्माता झाला. लँग बरा झाला आणि युनिव्हर्सलमध्ये मोठ्या पदावर जाऊन बड्या चित्रपटांचा निर्माता बनला. जिने गोळी झाडली नव्हती आणि जिला ती लागलीही नव्हती, त्या जोनला मात्र काम मिळेना. ‘फादर ऑफ द ब्राइड’मध्ये तिने नुकतीच एलिझाबेथ टेलरच्या आईची भूमिका केली होती, म्हणजे घरंदाज आईची प्रतिमा जुळून आली होती, आणि तीच प्रतिमा आता तिच्या विरोधात गेली. आयुष्यात सत्तरहून अधिक चित्रपट करणाऱ्या या अभिनेत्रीला पुढच्या दशकात अवघे पाच मिळाले. त्यांपैकी १९५५ च्या ‘वुई आर नो एंजल्स’मध्ये ती दिसली ती हंफ्री बोगार्टने स्टुडिओपाशी तिच्यासाठी शब्द टाकला म्हणून. तेव्हा तिची कारकीर्द तिनेच संपवली, हे वाक्य खोटे आहे. ती स्टुडिओंनी संपवली, आणि नवऱ्याच्या गुन्ह्याचे खापर बायकोवर फोडून संपवली. आज आपण तोच मजकूर पुढे पाठवतो तेव्हा १९५१ चा निवाडा आपल्या सहीने पुन्हा देतो.

शिवाय ती खरोखर संपलीही नाही. ज्या मुलीने १९२८ मध्ये अठराव्या वर्षी, पदरी काही महिन्यांची लेक असताना, वडिलांबरोबर रंगमंचावर पाऊल ठेवले, तिला पोटासाठी काम करणे नवे नव्हते. ‘लिट्ल विमेन’च्या वेळी ती गरोदर होती आणि तिचे पोशाख सैल करत चित्रीकरण पुरे झाले. १९३८ मध्ये एका भूमिकेसाठी सोनेरी केस काळे दिसावे लागले, तर तिने ते पुढे कायमचे काळेच ठेवले आणि त्या रूपात दिग्दर्शक फ्रिट्झ लँगच्या ‘द वुमन इन द विंडो’ आणि ‘स्कार्लेट स्ट्रीट’मध्ये अशी कामे केली की ‘सोनेरी केसांची गोड मुलगी’ ही तिची जुनी ओळख पुसलीच गेली. ‘स्कार्लेट स्ट्रीट’मध्ये ती पाय पुढे करून एडवर्ड जी. रॉबिन्सनकडून नखे रंगवून घेते, तो प्रसंग एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. चित्रपटांची दारे बंद झाल्यावर ती नाटकांचे दौरे करत राहिली. मग १९६६ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, ‘डार्क शॅडोज’ या दूरचित्रवाणी मालिकेत ती आली, पाच वर्षे टिकली, आणि १९६८ मध्ये तिला एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. १९७७ च्या ‘सस्पिरिया’मध्ये दारिओ अर्जेंटोने तिला नृत्यशाळेची उपसंचालिका केले, आणि तो चित्रपट आजची तरुण मुलेही शोधून पाहतात.

त्या बेरजेतले बारावे लग्न कोणते, हे मजकुरात कुठेही सांगितलेले नसते. ते जोनचे. १४ फेब्रुवारी १९७८ रोजी, अडुसष्टावा वाढदिवस तेरा दिवसांवर आला असताना, तिने डेव्हिड वाइल्ड यांच्याशी लग्न केले. ७ डिसेंबर १९९० रोजी न्यूयॉर्क राज्यातील स्कार्सडेल येथे तिचा मृत्यू झाला, तोवर ते दोघे एकत्र होते.