हँडहेल्डचा तो तक्ता पुढे पाठवू नका

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेमिंग कन्सोलचा एक तक्ता फिरतोय. त्याचं म्हणणं असं: प्लेस्टेशन पोर्टल सगळ्यांत स्वस्त, आरओजी अ‍ॅली सगळ्यांत सरस, वाल्व्ह कंपनीचा स्टीम डेक 399 डॉलर म्हणजे पस्तीसेक हजारांत, आणि निन्टेन्डोचा स्विच हे पोराटोरांचं खेळणं. आईवडील त्यावरून खरेदी ठरवताहेत, म्हणून हे लिहितोय.

सर्वांत मोठी फसगत पोर्टलची. 18,990 रुपये हा 2024मध्ये भारतात जाहीर झालेला भाव खरा होता. पण पोर्टल स्वतः गेम चालवत नाही. गेम चालतो घरातल्या पीएस5वर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या मोठ्या प्लेस्टेशनवर; पोर्टलच्या आठ इंची स्क्रीनवर वाय-फायने फक्त चित्र येतं. तक्त्यात पीएस5चं नावसुद्धा नाही! त्याची किंमत मिळवा, स्वस्ताई तिथेच संपते.

अ‍ॅलीचा स्क्रीन 1080पी (1920 बाय 1080 पिक्सेल), 120 हर्ट्झ (चित्र सेकंदाला 120 वेळा बदलतं). डेकचा 1280 बाय 800. म्हणून अ‍ॅली सरस? पिक्सेल दुप्पट झाले की चिपवरचा भारही वाढतो. 2023ची अ‍ॅली आणि पहिला डेक, दोन्हींची बॅटरी 40 वॉट-अवरचीच. डेकची चिप जास्तीत जास्त 15 वॉट घेते, अ‍ॅली टर्बो मोडवर 25. म्हणजे अ‍ॅलीवर जड गेम लावला तर दीड तासही धड मिळत नाही. सकाळच्या डेक्कन क्वीनमध्ये कर्जत यायच्या आत चार्जर शोधावा लागेल. पुढे आलेल्या अ‍ॅली एक्सची बॅटरी 80 वॉट-अवरची आहे, पण किंमतही चढी. अ‍ॅलीची खरी जमेची बाजू वेगळीच आहे: त्यात विंडोज आहे, त्यामुळे डेकवर न चालणारे काही ऑनलाइन गेम तिच्यावर चालतात. तक्त्यात नेमकं हेच नाही.

स्विचबद्दल थोडक्यात. मारिओ आणि झेल्डाचे नवे गेम निन्टेन्डो स्वतःच्याच कन्सोलवर काढते. ते खेळायचे असतील तर बाकीच्यांशी तुलनाच होत नाही. शिवाय स्विचचं कार्ट्रिज (गेमचं छोटं कार्ड) खेळून झाल्यावर विकता येतं, डेकसाठी स्टीम या वाल्व्हच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम विकता येत नाही.

राहिला डेकचा भाव. 399 डॉलर ही 2022मधली, 64 जीबी मॉडेलची अमेरिकेतली किंमत. वाल्व्हने डेक भारतात अधिकृतपणे विक्रीला आणलेला नाही. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात घ्या की ऑनलाइन, माल आयातदाराचा असतो. कस्टम ड्युटी आणि त्याचा नफा तुमच्याच खिशातून जातो. अंगठ्याने फिरवायची स्टिक बिघडली तर दुरुस्ती कोण आणि किती दिवसांत करून देणार, हे पक्क्या बिलावर लिहून घ्या, मगच पैसे द्या.