कोलारच्या सोन्याचं ढकलपत्र

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर धाकट्या मामांनी एक ढकलपत्र टाकलं. तुमच्याकडेही आलं असेलच. तो 'केजीएफ' नावाचा कन्नड सिनेमा गाजल्यापासून ते दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने उगवतं. मजकूर साधारण असा: "तुम्हाला माहीत आहे का? कोलार गोल्ड फील्ड्स म्हणजेच केजीएफ हे वीज मिळालेलं आशियातलं पहिलं शहर! इंग्रजांनी इथलं सोनं शोधलं, 'मिनी इंग्लंड' वसवलं आणि ९०० टन सोनं लुटून नेलं. सोनं संपलं तशी २००१ मध्ये खाण बंद पडली. आज तिथे फक्त भुतं राहतात. अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा."

लुटीचा आणि भुतांचा अभिमान नेमका कसा बाळगायचा, ते मामांनाच विचारायला हवं. मी नोकरीमुळे बंगळूरला राहतो, कर्नाटकातल्याच या केजीएफला तीन-चार वेळा जाऊन आलोय, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकू.

विजेपासून सुरुवात करतो, कारण ते सोपं आहे. केजीएफला वीज आली १९०२ च्या जूनमध्ये. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगचं जलविद्युत केंद्र १८९७ ला सुरू झालं होतं, कलकत्त्यात १८९९ पासून वीज होती. जपानमध्ये तर त्याआधीच विजेचे दिवे लागले होते. म्हणजे आशियातलं सोडा, भारतातलंही पहिलं नाही. खरी नवलाची गोष्ट ढकलपत्रात आलेलीच नाही. ही वीज कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावरून सुमारे १४८ किलोमीटर तारांवरून आणली होती, आणि त्या काळात एवढ्या लांब वीज नेणं जगातही क्वचितच कुणी केलं होतं. योजना म्हैसूर संस्थानची, दिवाण शेषाद्री अय्यरांच्या कारकिर्दीत ठरलेली. ती केली कशासाठी, तर दगड भरडायला, पाणी उपसायला आणि माणसांचे पिंजरे खाणीत उतरवायला. शहर उजळावं म्हणून कुणी एवढ्या तारा ओढल्या नव्हत्या.

"इंग्रजांनी सोनं शोधलं." टिपू पडल्यावर म्हैसूरच्या नव्या सीमेची मोजणी करायला जॉन वॉरन नावाचा लेफ्टनंट १८०२ मध्ये या भागात आला. गावकरी इथे सोनं काढतात असं त्याच्या कानावर आलं. त्याने बक्षीस लावलं, तेव्हा लोक बैलगाड्यांतून माती घेऊन आले आणि त्याच्यासमोर धुऊन सोन्याचे कण काढून दाखवले, असं सांगतात. इथल्याच मरिकुप्पम गावाच्या आसपास माणसं जुन्या खड्ड्यांत उतरून दगड वर काढत होती, ते त्याने पाहून लिहून ठेवलंय. मग शोधलं कुणी? मायकेल लव्हेल या निवृत्त शिपायाने १८७५ मध्ये खोदकामाचा परवाना मिळवला आणि १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने यंत्रं आणून खाणी चालवल्या, इतकं खरं. (बंगळूरच्या लव्हेल रोडला नाव याच माणसाचं आहे.) आणि मामांसाठी खास: शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरबरोबर कोलारही होतं. ढकलपत्र लिहिणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं म्हणून बरं, नाहीतर सोनं स्वराज्याच्या नावे जमा झालं असतं.

९०० टनांचा हिशोब बघा. साधारण १२० वर्षांत तिथून ८०० टनांच्या आसपास सोनं निघालं. त्यातली शेवटची ४५ वर्षं खाणी आपल्याच ताब्यात होत्या: १९५६ ला म्हैसूर राज्याने घेतल्या, १९६२ ला केंद्राने, आणि १९७२ पासून भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी. बहुतेक सोनं त्याआधीचं आणि नफा लंडनच्या भागधारकांच्या खिशात गेला, हे मान्य. पण म्हैसूर संस्थान त्यावर ५ टक्के स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, घेत होतं. हा व्यवहार करारावर सही करून झालेला आहे. त्याला लूट म्हणायचं तर खुशाल म्हणा, मात्र त्या सहीखाली संस्थानचाही शिक्का आहे.

आता 'मिनी इंग्लंड'. या दोन शब्दांचा मला राग येतो.

साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचं मैदान, चर्च हे सगळं होतं आणि त्यातलं काही अजून उभं आहे. कॉर्नवॉलचे इंग्रज खाणकाम जाणणारे, काही इटालियन, अँग्लो-इंडियन पर्यवेक्षक असे लोक तिथे राहायचे. पण ते मूठभर. बाकी हजारोंच्या संख्येने होते ते उत्तर अर्काट भागातून आलेले तमिळ कामगार, बहुतेक दलित. ते राहायचे 'लाइन'मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या चाळीची आणखी गरीब बहीण. अशी एक लाइन मी आतून पाहिली आहे. खोली इतकी लहान, की दारात उभं राहून चुलीवर काय शिजतंय ते सांगता येतं. छपराचा पत्रा जुना, मधे मधे नव्या पत्र्याची ठिगळं. घरातल्या आजींनी कॉफी दिली आणि सांगितलं, की नवरा, सासरा आणि सासऱ्याचा बाप, तिघंही 'खाली' काम करायचे. कितीही खोल खाण असो, तिथे म्हणतात एवढंच: खाली. तिघेही खोकत गेले.

तो खोकला नुसता खोकला नव्हता. दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुसं कडक होतात, त्याला सिलिकोसिस म्हणतात. १९४० च्या दशकात इथल्या सात हजारांवर कामगारांची तपासणी झाली, तेव्हा चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांत तो सापडला.

ही माणसं गप्प बसून राबत होती असंही नाही. १९३० च्या एप्रिलमध्ये सगळ्या कामगारांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करायची ठरलं. ठसे गुन्हेगारांचे घेतात, आमचे कशाला, म्हणून खाणी २१ दिवस बंद पडल्या. मागे ना मोठी युनियन होती, ना बाहेरचा कुणी पुढारी.

आपल्या लोकांनी तर आणखी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी. नागपूरचं धर्मांतर १९५६ चं. त्याच्या जवळजवळ अर्धं शतक आधी मरिकुप्पम आणि चॅम्पियन रीफ या खाणींजवळच्या लाइनींमध्ये कामगारांनी बौद्ध संघाच्या शाखा काढल्या होत्या. पंडित अयोथीदास या तमिळ दलित विचारवंताच्या बौद्ध चळवळीचं ते एक मोठं ठाणं. त्यांचं 'तमिळन' हे वृत्तपत्र पुढे १९२६ पासून चॅम्पियन रीफमधूनच निघू लागलं. दिवसभर पाताळात दगड फोडायचे आणि रात्री दिव्याखाली बसून वृत्तपत्र वाचायचं. बाबासाहेब १९५४ मध्ये इथे येऊन गेले. एवढं सगळं ज्या गावात घडलं, त्याची ओळख क्लबातल्या बिलियर्डच्या टेबलावरून करून द्यायची?

"सोनं संपलं." नाही संपलं. परवडेनासं झालं. सुरुवातीच्या वर्षांत टनभर दगडातून चाळीस ग्रॅमहून जास्त सोनं मिळायचं, शेवटी ते तीन ग्रॅमवर आलं. म्हणजे लग्नातल्या एका तोळ्यासाठी चार टन दगड फोडायचा, आणि तोही तीन किलोमीटर खोलीवरून वर आणायचा. चॅम्पियन रीफ ३.२ किलोमीटरपर्यंत गेली होती. तिथे दगडच साठ अंशांच्या पुढे तापलेला, वरून वजनाने खडक अचानक फुटायचा, त्यात माणसं जायची. शिवाय सोनं विकायचं सरकारला, आणि सरकार भाव द्यायचं आंतरराष्ट्रीय. गावातल्या सराफाकडचा भाव त्याहून कितीतरी चढा. कागदावर तोटा दिसत राहिला. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली, तेव्हा जगात सोन्याचा भाव वीस वर्षांतल्या नीचांकाजवळ होता, औंसाला २७० डॉलरच्या आत-बाहेर. याचं दुसरं टोक गाठणारं ढकलपत्रही फिरतं: खाली अजून हजारो टन सोनं पडलंय आणि सरकार ते दडवतंय. त्याला उत्तर वरचंच, चार टन दगड.

(जाता जाता: याच खाणीत सव्वादोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या आणि त्यांच्याबरोबरच्या परदेशी शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची नोंद केली. अभिमानच हवा असेल तर हा घ्या.)

राहिली भुतं. २०११ च्या जनगणनेत तिथे दीड लाखाहून जास्त लोक होते. त्यांच्यापुढचे प्रश्न जिवंत माणसांचे आहेत: सोनं काढून उरलेल्या दगडाचा तीन कोटी टनांहून जास्त राखाडी चोथा गावाला लागूनच टेकड्यांसारखा पडलाय. लोक त्याला सायनाइडचे डोंगर म्हणतात, कारण सोनं वेगळं करायला सायनाइड वापरलेलं. वारा सुटला की त्याची पूड घरात, भातात, डोळ्यांत. आणि बंगळूरला जायची सकाळची गाडी मरिकुप्पमहून सुटते तेव्हा खिडकीची जागा मिळते. चॅम्पियन, ऊरगाव, कोरोमंडल करत बंगारपेट येईपर्यंत पाय ठेवायला जागा उरत नाही. दोन-अडीच तास जायला, तेवढेच यायला, रोज. खाणकामगारांची नातवंडं. मी त्यातल्या एका मुलाला विचारलं, सिनेमा आवडला का? तो म्हणाला, छान आहे, पण त्यात आमचं गाव कुठंय?

हे सगळं काल रात्री गटावर टाकलं. सकाळी मामांचं उत्तर आलं: अंगठा.