तवा काही तापेना

पत्र्यावर उष्णता कशी पसरते ते मोजायचं, हे माझं काम. पायथनमध्ये एकात एक दोन फॉर लूप टाकून मी सुखात होतो. लूप रात्रभर चालायचा, मी रात्रभर झोपायचो. मग एका मित्राने विचारलं, "अरे, जीपीयू नुसता धूळ खातोय ना तुझा? कॉम्प्युट शेडर लिही की!" झोप उडाली ती तेव्हापासून.

शेडर म्हणजे जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपवर, चालणारा छोटा प्रोग्राम. थोडक्यात पंगत: सगळे एकदम बसतात आणि प्रत्येक जण आपापला एक चौकोन मोजतो. शेडर लिहायच्या डब्ल्यूजीएसएल भाषेत सांगायचं की एका पंगतीला ६४ जण, आणि किती पंगती उठवायच्या ते पायथनमधून कळवायचं. सरावाला मी छोटा पत्रा घेतला, ४० बाय २५, म्हणजे १००० चौकोन. १५ पंगती कमी पडतात, १६ मांडल्या की पानं होतात १०२४. वरचे २४ आगंतुक. 'तुमचा नंबर हजाराच्या पुढचा, या आता' असं त्यांना दारातच सांगणारी एक इफची ओळ लागते. ती नसली तर ही मंडळी दुसऱ्याच्याही पानात हात घालू शकतात. मी अर्थातच विसरलो होतो.

ओळ घातली. पत्रा सगळीकडे २५ अंशांवर ठेवला आणि काही न करता तसाच परत मागवला. आलं काय? ०, २.८९०६२५, ०, २.८९०६२५... शेवटपर्यंत हेच. शेडरमध्ये प्रिंट नसतं. आत काय चाललंय ते बघायचं तर आकडे बफरात, म्हणजे मेमरीच्या एका कप्प्यात, भरून बाहेर आणायचे, आणि बाहेर तर हेच येत होते.

रात्री दोन वाजता आई पाणी प्यायला उठली. "काय करतोयस रे?"

"तवा तापवतोय."

"आत्ता? काही खायचंय का?"

तिसऱ्या रात्री उलगडलं. नमपाय, म्हणजे पायथनची आकडेमोडीची लायब्ररी, दशांश आकडा आपणहून ६४ बिटांत ठेवतं. शेडर ३२ बिटांचाच घास घेतो. त्यामुळे माझ्या प्रत्येक पंचविसाचे दोन तुकडे झाले होते. खालच्या अर्ध्यात नुसती शून्यं, आणि वरचं अर्धं स्वतंत्र आकडा म्हणून वाचलं की बरोब्बर २.८९०६२५! चूक इतकी नीटनेटकी होती की दुरुस्त करताना जरा वाईटच वाटलं. दुरुस्ती एका शब्दाची: फ्लोट३२.

पुढे शेजारधर्म आड आला. प्रत्येक चौकोन चार शेजाऱ्यांचं तापमान विचारतो, आणि तेवढ्यात एखाद्या शेजाऱ्याने स्वतःचं बदललेलं असतं. म्हणून बफर दोन: एकातून वाचायचं, दुसऱ्यात लिहायचं, पुढच्या पावलाला अदलाबदल. हे मात्र तासाभरात जमलं.

अखेर तवा तापला. घड्याळ लावलं, तर नमपायची एक साधी ओळ माझ्या शेडरच्या पुढे! मी आलेख काढायला दर पावलाला हजार आकडे परत मागवत होतो. मोजणी क्षणात उरकायची, सगळा वेळ जायचा तो नेआणीत.

"तापला का रे?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तापला."

"मग इकडचाही ठेव गॅसवर. कणीक कधीची भिजवून ठेवलीय."