कापराच्या बांगड्या

आजीच्या मागे निघालेल्या डब्यात सोनं असतं तर बरं झालं असतं. सराफ्यात नेऊन कसोटीवर घासायचं, भाव विचारायचा, भाऊबंदकी करायची आणि मोकळं व्हायचं. पण निघालं काय, तर पिवळसर पांढऱ्या बांगड्या, गर्द लाल मण्यांची माळ, पितळी पट्टीचा एक कंगवा आणि मूठभर बटणं. बांगड्या हस्तिदंती असून होळकरांच्या वाड्यातून आल्या आहेत, ही आत्याची श्रद्धा. इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत ज्या वस्तूचा पत्ता लागत नाही ती होळकरांच्या वाड्यातूनच आलेली असते. वाड्यात मग उरलं काय, कोण जाणे.

सराफ्यातल्या सोनाराने बांगडी नुसती तळहातावर तोलली. "भिया, ये तो पिलास्टिक है," म्हणाला आणि शटर ओढायला लागला, कारण त्याच्या ओट्यावर गराडूवाल्याची, म्हणजे कंदाच्या फोडी तळून विकणाऱ्याची, कढई येऊन थांबली होती. आत्याला तो शब्द फार लागला. तिच्या लेखी प्लॅस्टिक म्हणजे बादली.

घरी येऊन भिंग काढलं. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. आमच्या बांगडीवरच्या रेघा दुरेघी वहीसारख्या सरळ चालल्या होत्या. मग अंगठ्याने खसाखसा घासून ती ऊन केली आणि नाकाशी धरली. कापूर!

"देवघराच्या फडताळात होत्या ना, म्हणून," आत्या.

पण कापूर बांगडीच्या पोटातच असतो. 1870 च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या सेल्युलोजमध्ये, म्हणजे कापसातल्या तंतुद्रव्यात, कापूर कालवून सेल्युलॉइड तयार केलं, तेही बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंत लागू नये म्हणून. म्हणजे आत्याच्या म्हणण्यात हत्ती होता. फक्त तो वाचलेला हत्ती होता.

माळ गरम पाण्याच्या नळाखाली धरली आणि वहिनीपुढे केली. होळकर सायन्स कॉलेजात झूलॉजी शिकलेली बाई ती, वास घेताच किंचाळली, "बेडूक!" बेडूक टिकवायच्या फॉर्मॅलिनच्या, म्हणजे पाण्यातल्या फॉर्माल्डिहाइडच्या, बरणीतला वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. म्हणजे हे बेकेलाइट नावाचं प्लॅस्टिक. लिओ बेकलंडने 1907 मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून केलेलं. मणी एकमेकांवर आपटले की जड, ठसठशीत टक्क वाजतात. कापसावर धातूची पॉलिश घेऊन मणी हलकेच पुसला, तर कापसावर पिवळा डाग. लाल मण्याचा पिवळा डाग! यावर मात्र आत्यासुद्धा गप्प.

बटणांना जळक्या दुधाचा वास आला. ती केसिनची, म्हणजे दुधातलं प्रथिन फॉर्माल्डिहाइडमध्ये मुरवून कडक केलेली. "मग उपासाला चालतील," आत्या म्हणाली. ती थट्टा करत होती की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

शेजारच्या काकांना मात्र कुणीतरी सांगितलं होतं की तापवलेली सुई टोचली की प्लॅस्टिक ओळखू येतं. सुई गॅसवर धरून ते बांगडीकडे निघाले होते. सेल्युलॉइड भपकन पेटतं, हे ओरडून सांगेपर्यंत माझा आवाज बसला.

इथवर सगळं करमणुकीचं. खरा जाच सांभाळण्यात आहे. सोन्याचं बरं असतं, लॉकरमध्ये टाकलं की दहा वर्षं बघायला नको. सेल्युलॉइडला बंद डबा चालत नाही, प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही. जुनं होताना त्यातून आम्लाची वाफ सुटते, ती कोंडली की बांगडी चिकट होते, तडकते आणि शेजारणीलाही नासवते. कंगव्याच्या पितळी पट्टीवर हिरवा गंज चढला होता तो उगाच नाही. एका बांगडीला चीर दिसताच तिला विलगीकरणात टाकावं लागलं. केसिन पाण्यात फुगतं, म्हणून बटणं धुवायची नाहीत. अत्तर, स्पिरिट, ऊन, सगळं वर्ज्य. एवढी पथ्यं आमच्याकडे बाळंतिणीलाही नव्हती.

त्यामुळे कपाटातला हवेशीर कप्पा बांगड्यांना गेला आणि माझे शर्ट ट्रंकेत. मे महिन्यात इंदूर बेचाळीसवर गेलं की आत्या टेबलफॅन उचलून त्या कप्प्याकडे फिरवते.

"आत्या, मलाही उकडतंय."

"तू काय पेटणार आहेस?"